लाइम रेजिसची जुनी कागदपत्रं: एका किनारी पॅरिशसाठी कुठली सेवा कामाची, कुठली अपुरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट काउंटीच्या अगदी पश्चिम टोकाला लाइम रेजिस हे छोटं बंदर आहे. जीवाश्मांसाठी आणि ‘कॉब’ नावाच्या जुन्या दगडी धक्क्यासाठी प्रसिद्ध. इथल्या एखाद्या घराण्याचा किंवा घराचा इतिहास शोधायचा असेल तर एक गोष्ट आधीच सांगतो: एकाच संकेतस्थळाची वर्गणी भरून काम होत नाही. सेवा वाईट आहेत म्हणून नव्हे, तर या एका गावाची कागदपत्रंच चार-पाच ठिकाणी विखुरलेली आहेत म्हणून.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला इलाखा. इथल्या पॅरिश चर्चच्या नोंदवह्या डॉर्चेस्टरला, डॉर्सेट हिस्टरी सेंटरमध्ये. 1837 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सरकारी जन्म-मृत्यूच्या नोंदी ‘ॲक्समिन्स्टर’ या जिल्ह्याच्या नावाखाली, आणि ॲक्समिन्स्टर आहे शेजारच्या डेव्हन काउंटीत. 1858 पूर्वीची स्थानिक मृत्युपत्रं विल्टशरमध्ये, चिपनहॅमला. चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या चॅपलांच्या जुन्या वह्या लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये. आणि गावाच्या वरच्या अंगाला, चालत जाण्याच्या अंतरावर असलेलं अपलाइम हे डेव्हनचं गाव, म्हणून त्याच्या वह्या एक्सेटरला. ज्याने ‘डॉर्सेट’ एवढंच डोक्यात ठेवून शोध सुरू केला, त्याच्या हातून निम्मी माणसं निसटणार.

सासर किंवा आजोळ त्या भागातलं आहे, तिथे घर घेतलं आहे, भूविज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास आहे, किंवा महाराष्ट्रातल्या एखाद्या इंग्रजकालीन थडग्यावरच्या नावाचा माग काढायचा आहे, अशा वाचकांसाठी हे परीक्षण आहे.

कसोटीला मेरी ॲनिंग

सेवा तपासायची तर उत्तर आधीच ठाऊक असलेलं माणूस शोधून पाहावं. लाइममध्ये त्यासाठी मेरी ॲनिंगइतकं योग्य नाव दुसरं नाही. जन्म 21 मे 1799, मृत्यू 9 मार्च 1847. इक्थिओसॉर आणि प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे किनाऱ्यावरच्या कड्यांतून काढणारी बाई. वडील रिचर्ड सुतारकाम, कपाटं करणारे. आई मेरी मूर, घरी ‘मॉली’. दोघांचं लग्न 1793 मध्ये ब्लँडफर्डला झालं. भाऊ जोसेफ. एवढी माहिती निश्चित असताना प्रत्येक सेवा कुठवर पोचते आणि कुठे अडते, ते स्वच्छ दिसतं.

पहिला धक्का बाप्तिस्म्यालाच बसतो. सेंट मायकेल द आर्चेंजेल या पॅरिश चर्चच्या वहीत तिचा बाप्तिस्मा शोधण्यात अर्थ नाही. ॲनिंग कुटुंब त्या वेळी इंडिपेंडंट चॅपलचं होतं, आणि तिची नोंद त्या चॅपलच्या वहीत आहे. चॅपलच्या इमारतीत आज डायनोसॉरलँड हे जीवाश्मांचं संग्रहालय चालतं. अशा चॅपलांच्या बहुतेक वह्या 1837 नंतर सरकारने मागवून घेतल्या. त्या आता क्यूला ‘आरजी 4’ या मालिकेत आहेत. स्कॅन ॲन्सेस्ट्री या सशुल्क संकेतस्थळावर मिळतात, पण डॉर्सेटच्या चर्चनोंदींच्या संचात नव्हे, तर ‘नॉन-कन्फॉर्मिस्ट’ (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे) नावाच्या वेगळ्या संचात. डॉर्सेटचाच संच उघडून ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण मोठं आहे.

तिच्या आईवडिलांचं लग्न मात्र चर्च ऑफ इंग्लंडच्याच वहीत सापडायला हवं. 25 मार्च 1754 पासून क्वेकर आणि ज्यू सोडून सर्वांना पॅरिश चर्चमध्येच लग्न लावणं कायद्याने भाग होतं, चॅपलमध्ये जाणाऱ्यांनाही. हा नियम 1837 मध्ये सुटला. त्यामुळे एकाच कुटुंबाचे बाप्तिस्मे एका मालिकेत आणि लग्न दुसऱ्या मालिकेत, हे लाइममध्ये नेहमीचं आहे. आणि लग्न बहुधा मुलीच्या गावी, म्हणून लाइममध्ये न मिळाल्यास लगेच हार मानू नये.

दुसरा धोका याहून मोठा. रिचर्ड आणि मॉलीला मेरी नावाच्या दोन मुली झाल्या. थोरली मेरी 1798 च्या डिसेंबरात, चार वर्षांची असताना, कपड्यांना आग लागून गेली. तेव्हाच्या ‘बाथ क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रात ती बातमी छापून आली होती. पाच महिन्यांनी जन्मलेल्या मुलीला तेच नाव ठेवलं. मेलेल्या मुलाचं नाव पुढच्याला देणं त्या काळी सर्रास चाले. आता संकेतस्थळांचं ‘सुचवलेली नोंद’ हे यंत्र काय करतं? आईवडील तेच, गाव तेच, नाव तेच, म्हणून 1794 च्या सुमाराची मुलगी बिनदिक्कत पुढे करतं. तिथे ‘स्वीकारा’ दाबलं की वंशवृक्ष पाच वर्षांनी चुकलाच. उपाय एकच: कोणताही बाप्तिस्मा झाडाला जोडण्यापूर्वी पुढच्या दहा वर्षांची दफनं त्याच नावाने तपासायची, आणि चर्च व चॅपल दोन्हीकडची. ॲनिंगांची नऊ-दहा मुलं झाली, त्यांतली मोठी झाली ती फक्त मेरी आणि जोसेफ. यावरून अशा तपासणीची गरज लक्षात यावी.

वह्यांची रचना आधी समजून घ्या

आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या घराण्याप्रमाणे आणि गावाप्रमाणे लावलेल्या असतात. आडनाव सांगितलं की पिढ्या एकाखाली एक निघतात. इंग्लंडची पॅरिश वही तारखेप्रमाणे चालते. आज बाप्तिस्मा सुताराच्या मुलाचा, उद्या जहाजमालकाच्या. कुटुंब कुठेच एकत्र नाही, ते आपण जुळवायचं.

वह्या ठेवण्याचा हुकूम 1538 चा. सुरुवातीच्या नोंदी अत्यंत त्रोटक असतात, कित्येकदा फक्त मुलाचं आणि बापाचं नाव. 1653 ते 1660 या प्रजासत्ताकाच्या काळात अनेक ठिकाणी खंड पडलेला असतो. 1754 पासून लग्नाच्या नोंदीत वर-वधूची आणि साक्षीदारांची सही किंवा फुली येते. ही सही फार मोलाची, कारण त्याच नावाची दोन माणसं वेगळी काढता येतात. 1 जानेवारी 1813 पासून छापील तक्ते आले, एका पानावर आठ नोंदी. बाप्तिस्म्यात आईवडिलांची नावं, राहण्याचं ठिकाण, वडिलांचा धंदा. दफनात नाव, ठिकाण, तारीख आणि वय. म्हणजे 1813 नंतरचं काम तुलनेने सोपं, त्याआधीचं चिकाटीचं.

वर्षारंभाचा घोळ इथेच सांगून ठेवतो. 1751 पर्यंत इंग्लंडचं वर्ष 25 मार्चला सुरू होई. वहीत ‘फेब्रुवारी 1720’ लिहिलं असेल तर आजच्या हिशेबाने ते 1721. लिप्यंतर करणाऱ्यांपैकी काही जण जुनं वर्ष तसंच ठेवतात, काही बदलतात. म्हणून आपल्या टिपणात ‘1720/21’ असं दुहेरी लिहावं. नाहीतर आईच्या मृत्यूनंतर दहा महिन्यांनी मूल जन्मल्याचा चमत्कार दिसतो.

ॲन्सेस्ट्री

लाइमपुरतं बोलायचं तर पैसे देऊन घ्यायची पहिली सेवा हीच. डॉर्सेट हिस्टरी सेंटरमधल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या वह्यांचे स्कॅन इथे आहेत, 1538 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. मूळ पान दिसणं ही हिची खरी किंमत. शिवाय डॉर्सेटची गरीब-कायद्याची (गरिबांना पोसण्याची जबाबदारी पॅरिशवर टाकणाऱ्या कायद्याची) कागदपत्रं इथेच आहेत: वसाहत-चौकशा, हद्दपारीचे हुकूम, अनौरस मुलांच्या पोटगीचे बंध. एखादं कुटुंब कुठल्या पॅरिशच्या अंगावर पडणार हे ठरवायला दोन न्यायाधीश त्या माणसाची जबानी घेत. त्या जबानीत तो कुठे जन्मला, कुठे वर्षभर चाकरीला होता, लग्न कुठे झालं, असं सगळं येतं. गरिबाचा एवढा तपशील दुसऱ्या कुठल्याही कागदात नाही. हे संच ‘घरची’ नोंद सापडली की लोक उघडतच नाहीत, आणि तिथेच मोठा ठेवा राहून जातो.

आता मर्यादा. कोणत्याही सशुल्क सेवेची सूची जुन्या हस्ताक्षरावरून केलेली असते. एन आणि यू, लांब एस आणि एफ, मोठा एल आणि मोठा एस यांची अदलाबदल होते. नावं आखूड लिहिलेली असतात: विल्यमचं डब्ल्यूएम, जॉनचं जेएनओ, ख्रिस्तोफरचं तर सुरुवातीला एक्स. शोधपट्टीत पूर्ण नाव टाकून काही आलं नाही म्हणजे नोंद नाही, असं समजू नये.

तेव्हा नावाने शोधणं सोडून वही पानोपान चाळायची. संचाच्या पानावर उजव्या बाजूला ‘ब्राउझ’ची चौकट असते, तिथे पॅरिश म्हणून लाइम रेजिस निवडा, मग वर्षांचा टप्पा, आणि एकेक चित्र पुढे सरकवत जा. आडनावाच्या पहिल्या तीन अक्षरांनंतर तारांकन टाकून शोधणं हा मधला मार्ग. आणखी एक: शोधपट्टीत नुसतं ‘लाइम’ टाकू नका. न्यूकॅसल-अंडर-लाइम हे स्टॅफर्डशरचं मोठं गाव सगळे निकाल भरून टाकतं. जुन्या कागदांत ‘रेजिस’ पुष्कळदा लिहिलेलंच नसतं, म्हणून ठिकाणापुढे काउंटी डॉर्सेट अशी पक्की करून घ्यावी.

डॉर्सेटच्या सार्वजनिक वाचनालयांतल्या संगणकांवर ॲन्सेस्ट्री फुकट वापरता येते. तिकडे राहणाऱ्यांनी किंवा सुट्टीला जाणाऱ्यांनी वर्गणी भरण्याआधी याचा लाभ घ्यावा. पुण्या-मुंबईतून काम करणाऱ्यांनी मात्र एका महिन्याची वर्गणी घ्यावी, शोधायच्या नावांची यादी आधी फुकटच्या ठिकाणांवरून पक्की करावी, आणि महिन्याभरात सगळी चित्रं उतरवून घ्यावीत. चित्र उतरवताना फाइलच्या नावात पॅरिश, प्रकार आणि वर्ष लिहावं. सहा महिन्यांनी नुसत्या आकड्यांच्या फाइलींतून काहीच उमगत नाही.

फाइंडमायपास्ट: अपलाइमसाठी आणि 1921 साठी

लाइमच्या चर्चनोंदींसाठी ही दुसरी सशुल्क सेवा दुय्यम आहे. पण डेव्हनच्या पॅरिश वह्यांचे स्कॅन इथे आहेत, आणि काउंटीची हद्द लाइमला इतकी खेटून आहे की एकाच कुटुंबातला एक भाऊ लाइमला नोंदलेला, दुसरा अपलाइमला, असं सहज होतं. डॉर्सेटमध्ये अचानक गायब झालेलं कुटुंब सोमरसेटला किंवा लंडनला गेलं असं गृहीत धरण्याआधी अपलाइमची वही पाहायची, हा क्रम सोडू नये.

1921 ची जनगणना आधी या सेवेवरच आली, जानेवारी 2022 मध्ये. किनारी गावासाठी तिच्यात एक मोठी मेख आहे. ही गणना 24 एप्रिलला व्हायची होती. औद्योगिक संपाच्या भीतीने ती पुढे ढकलून 19 जूनला घेतली. जून म्हणजे सुट्टीचा हंगाम. समुद्रकिनाऱ्यावरच्या गावांची लोकसंख्या त्या गणनेत फुगलेली आहे. लाइममधल्या एखाद्या घरात सात माणसं दिसली तर त्यांतली चार पाहुणे किंवा भाड्याने उतरलेली असू शकतात. नात्याच्या रकान्यात ‘व्हिजिटर’ किंवा ‘बोर्डर’ लिहिलंय का, ते पाहावं, आणि जन्मगाव व नोकरीचं ठिकाण ताडून पाहावं. 1921 च्या तक्त्यात मालकाचं नाव आणि कामाची जागा असते, त्यावरून सुट्टीला आलेला लंडनकर लगेच कळतो. उलट अंगाने, लाइमचा म्हणून ठाऊक असलेला माणूस कुठेच सापडत नसेल तर तोही दुसरीकडे गेलेला असेल.

घराचा इतिहास काढणाऱ्यांसाठी फाइंडमायपास्टवर 1921 ची गणना आणि 1939 चं रजिस्टर (युद्ध सुरू झाल्यावर केलेली देशभरची नोंद) पत्त्यानेही शोधता येतं. हे फार सोयीचं आहे. 1931 च्या गणनेचे तक्ते 1942 च्या आगीत जळाले आणि 1941 मध्ये गणना झालीच नाही, म्हणून 29 सप्टेंबर 1939 चं हे रजिस्टरच मधल्या तीस वर्षांचा आधार. त्यात काळ्या पट्टीखाली झाकलेल्या ओळी म्हणजे तेव्हाची लहान मुलं, जी हयात असू शकतात.

जनगणना वाचताना

1841 च्या गणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांचं वय खालच्या पाचाच्या पटीत उतरवायची सूचना होती. गणना 6 जून 1841 ची. मेरी ॲनिंग तेव्हा 42 वर्षांची. नियम पाळला असेल तर तक्त्यात 40. वयाच्या चौकटीत ‘अधिक-उणे एक’ लावून शोधणाऱ्याला ती मिळायची नाही, पाच लावा. त्याच गणनेत जन्म ‘याच काउंटीत की नाही’ एवढंच विचारलं आहे. लाइममध्ये ‘नाही’ म्हणजे दूरदेशचा असं वाटतं, पण तो मैल-दीड मैलावरच्या अपलाइमचा असू शकतो. 1851 पासून जन्माचं पॅरिश लिहिलेलं मिळतं, म्हणून 1841 वर कधीच थांबू नये.

बंदराच्या गावात घराच्या नोंदीत पहिलीच ओळ ‘वाइफ’ अशी असते आणि कुटुंबप्रमुखच नसतो. धंद्याच्या रकान्यात ‘मरिनर्स वाइफ’. नवरा समुद्रावर. तो मेला असं धरून चालणं ही नेहमीची चूक.

जीआरओ: सर्वांत जास्त मोल देणारी

जनरल रजिस्टर ऑफिसचं सरकारी संकेतस्थळ दिसायला रूक्ष, पण आमच्या मते या सगळ्यांत पैशाला सर्वांत जास्त न्याय देणारं. खातं उघडणं आणि सूची पाहणं फुकट. जन्माच्या सूचीत 1837 पासून आईचं माहेरचं आडनाव आहे. मृत्यूच्या सूचीत 1837 पासून वय. फ्रीबीएमडी या स्वयंसेवकांच्या फुकट सूचीत आईचं आडनाव 1911 नंतर आणि मृत्यूचं वय 1866 पासूनच मिळतं, म्हणून जन्म-मृत्यूसाठी आधी जीआरओच. लग्नं मात्र जीआरओच्या ऑनलाइन सूचीत नाहीत, ती फ्रीबीएमडीवर.

शोधताना आडनाव आणि लिंग देणं सक्तीचं, वर्षाला जास्तीत जास्त दोन वर्षं मागेपुढे. म्हणजे दहा वर्षांचा पट्टा तपासायला दोन-तीन फेऱ्या. जिल्ह्याच्या चौकटीत ‘लाइम’ टाकलं की काहीच येत नाही. ‘ॲक्समिन्स्टर’ टाका. 1852 पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदींचा खंड क्रमांक 5बी दिसला पाहिजे, जो डेव्हनचा आहे. 5ए दिसला तर ती नोंद लाइमची नव्हे, डॉर्सेटच्या दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याची किंवा विल्टशरची. ही एक खूण लक्षात ठेवली तर चुकीचा दाखला मागवण्याचा खर्च वाचतो.

जन्माच्या सूचीत आईच्या आडनावाच्या जागी नुसती रेघ असेल तर बहुधा वडिलांचं नाव नोंदलेलं नाही. मुलाचं आडनाव तेच आईचं. 1875 पूर्वी जन्म नोंदवला नाही तरी पालकांना फारसा त्रास नव्हता, म्हणून 1837 ते 1874 मधलं एखादं मूल सूचीत नसेल तर चर्च आणि चॅपलचा बाप्तिस्मा पाहावा.

मागवण्याचे तीन प्रकार. डिजिटल चित्र साधारण 3 पौंडांना, लगेच पडद्यावर. पण जन्म शंभर वर्षांहून जुने आणि मृत्यू 1887 पर्यंतचेच. पीडीएफ साधारण 8 पौंड, काही दिवसांत. कागदी दाखला 12.50 पौंड. दर बदलतात, खरेदीआधी पाहून घ्यावेत. वंशशोधासाठी डिजिटल चित्र पुरेसं आहे. मेरीचा मृत्यू 1847 च्या पहिल्या तिमाहीतला, म्हणजे या स्वस्त प्रकारात बसतो. कागदी दाखला कोर्टकचेरीला किंवा पासपोर्टसारख्या कामालाच लागतो.

लग्नाच्या दाखल्यावर पैसे घालवण्याआधी एक विचार करा. चर्चमध्ये झालेल्या लग्नाची वही, वडिलांची नावं आणि धंदे यांसकट, ॲन्सेस्ट्रीच्या डॉर्सेट संचात चित्ररूपात आहे. मजकूर तोच, आणि तिथे खऱ्या सह्या दिसतात. जीआरओकडे असते ती पाठवलेली नक्कल. चॅपलमध्ये किंवा रजिस्टर ऑफिसात झालेल्या लग्नापुरताच दाखला मागवावा.

समुद्राने आणलेली आणि नेलेली माणसं

किनाऱ्यावरच्या पॅरिशची वही आतल्या गावांपेक्षा वेगळी ठरते ती दफनांच्या पानांवर. 1807 च्या डिसेंबरात कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘ॲन्सन’ ही युद्धनौका फुटली, आणि वाहून आलेली प्रेतं धार्मिक विधीशिवाय कड्यावरच पुरली गेली. त्यावर ओरड होऊन 1808 चा कायदा झाला: समुद्राने किनाऱ्याला लावलेलं प्रेत त्या पॅरिशने चर्चच्या आवारात रीतसर पुरायचं. त्यानंतरच्या वह्यांत नावाच्या जागी ‘अनोळखी पुरुष, समुद्रातून आलेला’ अशा अर्थाच्या ओळी येतात, वयाच्या रकान्यात अंदाज.

नावच नाही, तर नावाच्या सूचीत ही माणसं येणार कशी? कुणी लिप्यंतरकाराने ‘अननोन’ लिहिलेलं असतं, कुणी ‘स्ट्रेंजर’, कुणी जागा कोरी सोडलेली. इथे कुठलीही शोधपट्टी कामाची नाही. वादळाची तारीख धरून पुढच्या दोन महिन्यांची दफनाची पानं वाचायची. लाइमसाठी 22-23 नोव्हेंबर 1824 चं वादळ, ज्याने कॉबचाही काही भाग उद्ध्वस्त केला, ही चांगली सुरुवात आहे. जोडीला ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमधली त्या आठवड्याची वर्तमानपत्रं. जहाजाचं नाव बहुधा तिथेच कळतं.

पण कितव्या सालापर्यंत चर्चची वही पाहायची? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव सार्वजनिक दफनभूमी झाल्या आणि चर्चची दफनवही रोडावली. 1 जानेवारी 1915 ला ‘फॉर्मिडेबल’ ही युद्धनौका लाइमसमोरच्या समुद्रात पाणतीराने बुडाली. तिची एक होडी लाइमला लागली, मृत खलाशी पायलट बोट या खानावळीत आणून ठेवले. इथे पुरलेले खलाशी चर्चच्या आवारात नाहीत, चार्मथ रस्त्यावरच्या दफनभूमीत आहेत. त्यांच्यासाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची फुकट सूची पुरते. गावातल्या इतर माणसांसाठी दफनभूमीची वही नगर परिषदेकडे विचारावी लागते.

खलाशांच्या कराराच्या याद्या हा वेगळाच प्रांत. 1863 ते 1938 च्या याद्यांपैकी सुमारे सत्तर टक्के आज कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स इथल्या मेमोरियल विद्यापीठात आहेत. क्यूला दहा टक्क्यांचा नमुना, आणि पाचाने संपणाऱ्या वर्षांच्या याद्या ग्रीनिचच्या नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये. याद्या माणसाच्या नावाने लावलेल्या नाहीत, जहाजाच्या अधिकृत क्रमांकाने लावलेल्या आहेत. म्हणून आधी जनगणनेतून किंवा वर्तमानपत्रातून जहाजाचं नाव मिळवा, ‘क्लिप’ या स्वयंसेवी संकेतस्थळावर क्रमांक काढा, आणि मगच नक्कल मागवा. 1915 च्या याद्या मात्र नावाने, फुकट, ऑनलाइन शोधता येतात.

मृत्युपत्रं विल्टशरला का

लाइम रेजिस आणि हॉलस्टॉक मिळून सॉल्सबरी कॅथीड्रलच्या एका धर्माधिकाऱ्याची खास जहागीर होती. नेहमीच्या धर्मन्यायालयाचा अंमल तिथे चालत नसे; मृत्युपत्रं त्या जहागिरीच्या स्वतंत्र न्यायालयात मंजूर होत. म्हणून ती सॉल्सबरी धर्मप्रांताच्या दप्तरात, आज चिपनहॅमच्या विल्टशर अँड स्विंडन हिस्टरी सेंटरमध्ये आहेत. ॲन्सेस्ट्रीवर पाहायची तर ‘विल्टशर’च्या मृत्युपत्रांच्या संचात शोधा. ज्यांची मालमत्ता एकाहून अधिक धर्मप्रांतांत होती, असे व्यापारी आणि जहाजमालक कँटरबरीच्या वरिष्ठ न्यायालयात जात. ती क्यूच्या ‘प्रॉब 11’ मालिकेत. 12 जानेवारी 1858 नंतर सगळ्या देशाची एकच सूची.

फुकटची ठिकाणं

फॅमिलीसर्च पूर्ण फुकट, भारतातून सहज चालतं. मात्र कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली दिसली तर ते चित्र घरबसल्या उघडत नाही. त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न वाचनालयात जावं लागतं. फ्रीरेग आणि डॉर्सेटची ऑनलाइन पॅरिश क्लर्क योजना या दोन्ही ठिकाणी स्वयंसेवकांनी उतरवलेल्या नोंदी आहेत. मूळ पान दिसत नाही, पण उतरवणारी माणसं स्थानिक आडनावं ओळखणारी असल्यामुळे पुष्कळदा सशुल्क सूचीपेक्षा वाचन अचूक असतं. सुरुवात इथून करावी, खात्री स्कॅनवर करावी. कोणती वर्षं उतरवली आहेत ते आधी पाहणं महत्त्वाचं. न उतरवलेल्या वर्षांत ‘नाही’ हे उत्तर निरर्थक असतं.

लाइम रेजिस म्युझियम ॲनिंगांच्या घराच्या जागीच उभं आहे. त्यांच्या संकेतस्थळावर स्थानिक अभ्यासकांचे घरं, माणसं, धंदे यांवरचे शोधनिबंध वाचायला ठेवले आहेत. गल्ली-गल्लीचा इतिहास एवढा बारकाईने दुसरीकडे मिळणार नाही. प्रत्यक्ष जाणाऱ्याने सेंट मायकेलच्या आवारातली मेरीची कबरही पाहावी: त्याच दगडावर 1849 मध्ये वारलेल्या जोसेफचं नाव आणि त्याच्या तीन तान्ह्या मुलांचा उल्लेख आहे. चर्चमध्ये तिच्या स्मरणार्थ 1850 मध्ये बसवलेली रंगीत काचेची खिडकी आहे. समुद्राची खारी हवा दगडाची अक्षरं खाते, म्हणून फोटो सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उन्हात घ्यावा. दगडावर खडू किंवा फेस लावून अक्षरं उठवू नयेत, दगड कायमचा खराब होतो.

डॉर्चेस्टरला हिस्टरी सेंटरमध्ये जाण्याचं कारण पॅरिश वह्या हे नसावं. त्या स्कॅनवर आहेत, मूळ वही सहसा हाती देत नाहीत. जायचं ते लाइमच्या जुन्या नगरपालिकेच्या दप्तरासाठी, जे ऑनलाइन चित्रांत फारसं नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा, कागद आधी मागवून ठेवावेत, आणि फक्त पेन्सिल चालते.

मुंबईकडून लाइमकडे

आपल्याकडच्या वाचकाला बहुधा उलटा रस्ता हवा असतो: मुंबई इलाख्यातल्या एखाद्या इंग्रजाचं मूळ गाव कोणतं? मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात ‘एन 3’ मालिकेत आहेत, आणि फाइंडमायपास्टवर पाहता येतात. दफनाच्या नोंदीत मात्र इंग्लंडमधलं गाव बहुतेक वेळा नसतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी असेल तर त्याचे कॅडेट म्हणून भरतीचे कागद काढावेत. 1860 पर्यंतच्या त्या कागदांत वयाचा पुरावा म्हणून मूळ पॅरिशच्या बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो. साधा शिपाई असेल तर मुंबई लष्कराच्या युरोपियन सैनिकांच्या नोंदवह्यांत जन्माचं ठिकाण आणि आधीचा धंदा मिळतो. ब्रिटिशकालीन भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची फुकट सूची आधी चाळली तर कोणत्या मालिकेत जायचं ते कळतं. गाव हाती लागलं की त्या गावाचा सरकारी नोंदणी जिल्हा कोणता आणि मृत्युपत्रांचं न्यायालय कोणतं, या दोन गोष्टी आधी काढाव्यात, आणि वर्गणी कुठे भरायची ते त्यानंतर ठरवावं.